मोहाचे माप

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी बसून वाचायच्या पानांत, दारूचा विषय काढणे काहींना खटकेल. त्यातून तो काढायचा अमरावती जिल्ह्यातून! याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांचे वडील दारूपायी गेले आणि त्या पोराला मामाच्या घरी गुरे राखावी लागली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मटण-दारूची चालत आलेली रीत मोडली व जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. बाबांच्या सुधारणेचा आरंभ कुठल्या व्यासपीठावरून झाला नाही, तो असा पंगतीतून झाला. याच जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज. त्यांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव व्यसनांवर कोरडे ओढले. तेव्हा दारू चांगली की वाईट, हा प्रश्न वऱ्हाडापुरता तरी निकालात निघालेला आहे. एका संताने तो झाडूने सोडवला, दुसऱ्याने खंजिरीने. त्या निकालावर अपील करण्याचा माझा मुळीच विचार नाही.

प्रश्न आहे तो वेगळा. एकच वस्तू झोपडीत गाळली तर गुन्हा ठरते, आणि तीच कारखान्यात गाळून, नक्षीदार बाटलीत भरून, वर आदिवासी चित्र चिकटवून विकली तर 'वारसा' ठरते. हे कसे? वस्तू तीच, गुण तोच, दोष तोच. मग पाप नेमके कशात असते? फुलात, भट्टीत, पिणाऱ्यात, की विकणाऱ्याच्या परवान्यात? हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. आमच्या मेळघाटाच्या तो अगदी उंबऱ्याशी आहे.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी सडक घाट चढून-उतरून सिपना नदीच्या खोऱ्यात येते, तेथे सेमाडोह आहे. कोरकूंच्या बोलीत सिपना म्हणजे साग. नदीचेच नाव झाडावरून पडलेले. देशात १९७३-७४ साली जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट एक. त्यामुळे सेमाडोह म्हटले की शहरच्या माणसाला वाघ, वनखात्याच्या पर्यटक-कुट्या आणि सुटीतली सहल आठवते. परंतु तेथल्या माणसाला आधी आठवते ते मोहाचे झाड.

हे झाड मोठे विलक्षण. फाल्गुन-चैत्रात सारे रान वाळून कोळ झालेले असते, ओढ्यांत पाणी उरलेले नसते, आणि अशा वेळी हे झाड पाने झाडून टाकते व फुलांनी भरून येते. फूल म्हणजे तरी काय? लहानशी, मांसल, पिवळसर पांढरी, रसाने तट्ट फुगलेली गोड कुपी. ती रात्री सुटू लागते आणि उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. तो गोळा करायला अंधार असतानाच निघावे लागते, कारण उशीर झाला तर हरणे आणि अस्वले वाटेकरी होतात. अस्वलाला या फुलाची ओढ कोणा माणसापेक्षा कमी नाही. घरोघरच्या बायका, म्हाताऱ्या, पोरे टोपल्या घेऊन रानात असतात. या दिवसांत डोंगरातल्या शाळेचा हजेरीपट पाहिला तर कुणालाही मोहाचा बहर कळेल. पंचांग उघडण्याचे कारण नाही. आम्ही मास्तर मंडळी त्या गैरहजेरीवर रागावतो. पण त्या दोन-तीन आठवड्यांत जे वेचले जाते त्यावर पुढे पावसाळ्यातले मीठ-मिरची येते, हेही आम्हांला ठाऊक असते.

वेचलेले फूल उन्हात वाळवले की बेदाण्यासारखे आक्रसते आणि वर्षभर टिकते. ते भाजून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात, गुरांना चारतात. फुलानंतर फळ येते, त्याच्या बियांचे तेल निघते. दिव्याला, खायला, अंगाला तेच. १८९९-१९०० च्या 'छप्पनच्या' दुष्काळात मध्य हिंदुस्थानातल्या रानांत अनेकांनी मोहाच्या फुलांवर दिवस काढले. तेव्हा मोह म्हटला की आपल्याला जी दारू आठवते, ती या झाडाची एक शाखा झाली. सबंध झाड आधी कोठार आहे, मग दारूची बुधली.

तथापि ती शाखाही खरी आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाळली फुले पाण्यात घालून काही दिवस ठेवतात, ती फसफसतात, आंबतात. मग ते मडके चुलीवर चढवून वाफ दुसऱ्या भांड्यात गार करतात. थेंब थेंब जमते ती मोहाची. कोरकूंच्या घरी ती जन्माला लागते, लग्नाला लागते, मरणाला लागते. पहिली धार देवाला आणि पितरांना, मग पाहुण्याला, मग घरच्यांना. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मेघनाथाची पूजा, फगवा, ढोल आणि बासरीवर चालणारे गदली-सुसुन नाच, हे सारे मोह फुलण्याच्या सुमारासच येते. निसर्गाने सण आणि फूल यांची गाठ घालून दिली आहे, माणसाने ती फक्त ओळखली.

आता या फुलाकडे बाहेरच्या जगाने कसे पाहिले ते पाहा. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत. गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी आणि तिसरी माध्वी. काही टीकाकार ही माध्वी म्हणजे मधूकाची, मोहाची, असे मानतात. तिन्ही द्विजांना वर्ज्य. पण स्मृतिकाराने निषेध केला तो आपल्या माणसांसाठी. रानातल्या चुलीपर्यंत तो गेला नाही. तेथवर पोचले ते इंग्रज सरकार. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मक्त्याने देण्याची रीत पक्की केली. आणि ठाणे-कुलाब्याकडचे लोक घरी गाळायचे थांबेनात म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलासाठीच कायदा आला. त्या दोन जिल्ह्यांत फूल जवळ बाळगण्यावरच बंधने आली. गंमत अशी, की त्याच कुलाबा जिल्ह्यात उरणला मोठमोठ्या भट्ट्या याच फुलांवर रात्रंदिवस चालत होत्या, आणि त्यांची दारू गावोगावच्या दुकानांतून विकली जात होती. सरकारला दारू नको होती असे नव्हे. बिनकराची दारू नको होती. नीतीचा झगा तिजोरीने पांघरला होता.

स्वराज्य आले. ते आले गांधीजींच्या मार्गाने, आणि त्या मार्गावर दारूबंदीचा फलक मोठ्या अक्षरांत होता. घटनासमितीत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा उभे राहिले. आमच्या धर्मकृत्यांत तांदळाच्या पेयाला स्थान आहे, आणि आम्हांला न विचारता आमच्या धर्मात हात घालू नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कोरकूंची बोली मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली; तिची सोयरीक संथाळी-मुंडारीशी. म्हणजे सातपुड्यातल्या या लोकांच्या वतीने दिल्लीत जे काही बोलले गेले, ते त्यांच्या दूरच्या भाऊबंदानेच बोलून ठेवले. कलम मंजूर झाले. आज ते घटनेचे ४७ वे कलम आहे.

मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला आणि तोच, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही चालू आहे. या कायद्याखाली शहरच्या सद्गृहस्थाला पिण्याचा परवाना मिळतो, तो आरोग्य टिकवण्यासाठी! द्राक्षाच्या दारूला उत्तेजन देण्यासाठी सरकारने २००१ साली स्वतंत्र धोरण आखले. मोहाच्या फुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध मात्र उठले ते २०२१ साली. आणि चुलीवर मोहाची गाळणे अजूनही गुन्हाच आहे. त्याच वेळी मेळघाटाच्या उत्तर हद्दीपलीकडे, बैतूल-खंडव्याकडच्या अनुसूचित भागांत, मध्य प्रदेशचा कायदा आदिवासींना घरच्या वापरापुरती ठरावीक मापात दारू गाळू देतो. दोन्हीकडे कोरकूच राहतात. एकमेकांच्या मुली करतात. लग्नात वधूचा बाप ज्या मडक्यामुळे यजमान, त्याच मडक्यामुळे वराचा बाप आरोपी. नीती अशी नकाशावरच्या रेघेवर बदलत असेल, तर तिला नीती म्हणावे की केवळ हद्द?

आता नवा अध्याय सुरू झाला आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२१ साली मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून बाजारात आणण्याचे जाहीर केले. पुढे आदिवासींच्या बचतगटांमार्फत अलीराजपुरात 'मोंड' आणि दिंडोरीत 'मोहुलो' या नावांनी ती बाटलीत भरली जाऊ लागली. गोव्याची फेणी तर २००९ सालीच भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहे. यात आनंद मानावा असे पुष्कळ आहे. ज्या वस्तूसाठी शतकभर दंड भरला, तिच्यासाठी आता कौतुक मिळावे आणि पैसाही वेचणाऱ्याच्या हाती पडावा, हे न्यायाचेच आहे. मग मनात काटा का सलतो?

त्याचा शोध घेण्यासाठी थोडे दूर जाऊ. डोंगर, गरीब शेतकरी, घरचे पेय आणि सरकारी तिजोरी हे चौघे एकत्र आले, की हा प्रश्न जगात कोठेही उभा राहतो. जपानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे खेडूत घरच्या तांदळाची 'दोबुरोकू' नावाची दाट, पांढरी, न गाळलेली दारू करीत. १८९९ साली सरकारने घरी दारू करायला सक्त मनाई केली. कारण त्या काळी जपानी तिजोरीचा फार मोठा हिस्सा दारूवरच्या कराचा होता. आपल्याकडचा १८९२ आणि तिकडचा १८९९. वर्षांतले अंतर कमी, हेतूतले त्याहून कमी. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तेथे मोठे कारखानेच राहिले. बिअर करायची तर वर्षाला किमान वीस लाख लिटर करा, असा नियम होता. १९९४ साली ती अट साठ हजार लिटरांवर आणली, आणि गावोगाव 'जि-बीरू', म्हणजे स्थानिक भूमीची बिअर, करणारे छोटे कारखाने निघाले. कुणी सांशो नावाच्या रानमसाल्याची फळे घातली, कुणी तिकडच्या युझू लिंबाची साल. नागानोच्या डोंगरात १८०५ पासून तांदळाची साके करणाऱ्या एका घराण्याने २००४ साली शिगा कोगेन नावाने बिअर सुरू केली आणि तिला लागणारी कडवट हॉपची फुले आपल्याच शेतात लावली. सहलीला आलेला माणूस ही बिअर पितो तेव्हा त्या डोंगराचा वास पितो, असे म्हणतात. म्हणोत बापडे!

पण मला त्याहून मोलाची वाटते ती इवाते प्रांतातल्या तोनो या डोंगरी गावाची गोष्ट. २००३ साली जपानने तेथे दोबुरोकूला पुन्हा मुभा दिली. मुभा कुणाला? जो स्वतः भात पिकवतो आणि स्वतःच्या घरी पाहुणे उतरवतो किंवा जेवू घालतो, अशा शेतकऱ्याला. म्हणजे तांदूळ त्याचा, मडके त्याचे, आणि पिणारा त्याच्या डोळ्यांसमोर बसलेला. सरकारने नुसते पेय मोकळे केले नाही, त्याचे घरही त्याच्याबरोबर राहू दिले.

माझ्या मनातला काटा मला येथे सापडला. मोहाच्या दारूत दोन गोष्टी आहेत, एक रस आणि दुसरे माप. रस सर्वांना कळतो. माप कुणाला दिसत नाही. फुलाला एकच ऋतू आहे आणि टोपलीला तळ आहे. जितके फूल मडक्यात जाईल तितके पीठात घालायला कमी पडेल, हे गाळणारीला पक्के माहीत असते. पहिली धार देवाची, म्हणून हात आपसूक थांबतो. पिणारे एकत्र बसतात, म्हणून कुणी किती घेतली हे सर्वांना दिसते. जी गाळते तीच दुसऱ्या दिवशी त्या माणसाला शेतावर पाठवते. ही सगळी मापे त्या जागेत आहेत. बाटलीत रस भरता येतो, फूल भरता येते, रानाचे चित्रही छापता येते. पण हे माप काही केल्या भरता येत नाही. बाटली विकणाऱ्याला तळ नको असतो. त्याचा सण होळीला संपत नाही. आपण वारसा म्हणून जे उचलतो आहोत तो अर्धाच आहे, आणि नेमका धोक्याचा अर्धा आहे, अशी माझी शंका आहे.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही रानाला कृतयुग समजता. तसे नाही. कोरकूच्या घरातही पिऊन मारहाण होते, पोरे उपाशी निजतात. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्याची कारणे अनेक होती. गरिबी होती, दवाखान्याचे अंतर होते, पावसाळ्यात अडलेले रस्ते होते. एवढे खरे की ज्या घरात ताटातच कमी, तेथे दारूवर जाणारा रुपया लेकराच्या तोंडचा असतो. आणि जुने मापही आता शाबूत कोठे आहे? गूळ-नवसागराची रोकडी दारू वर्षभर मिळते. तिला ऋतू नाही, देव नाही, पंगत नाही. म्हणून जुन्या रीतीचे गोडवे गाऊन कुणाचे पोट भरणार नाही, हे मला मान्य आहे.

पण यावरून बंदी हाच उपाय, असेही ठरत नाही. माप आतले असते तेव्हा हात थांबतो. ते बाहेरून लादले की हात फक्त लपतो, आणि लपलेल्या हाताला हप्ता द्यावा लागतो. याउलट, माप आतून आले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत देवीचा संचार होऊ लागला. ती लाट डोंगर चढून दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली. देवी सांगे, दारू सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्या सावकाराची चाकरी सोडा. हजारो लोकांनी आपण होऊन मडकी फोडली. ज्यांना सरकारचा कायदा तीस वर्षांत हलवू शकला नाही, ते स्वतःच्या देवीच्या शब्दावर उठले. काहींची मडकी पुढे परत आली, हेही खरे. पण त्यांनी सोडली तेव्हा माणूस म्हणून सोडली, आरोपी म्हणून नव्हे. गाडगेबाबांनी बारशाच्या पंगतीत केले तेही हेच. त्यांनी फौजदार बोलावला नाही. स्वतःच्या पंगतीचे माप स्वतः बदलले.

मला वाटते, नीतीचे मर्म येथे आहे. संयम म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे. आपल्या वस्तूचे माप ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती असणे आणि तो आपण वापरणे, म्हणजे संयम. ज्याच्याकडून हा अधिकार काढून घेतला, त्याला तुम्ही निर्व्यसनी करू शकाल कदाचित; संयमी करू शकणार नाही. गुन्हा ठरवून त्याचे मडके फोडणारा आणि वारसा ठरवून त्याचे मडके उचलून नेणारा, हे दोघे वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. वस्तुतः दोघेही त्याला एकच गोष्ट सांगत असतात, की किती आणि कधी हे ठरवणारा तू कोण?

मग ठरवावे कुणी? माझ्या मते, जी पहाटे टोपली घेऊन निघते तिने. महाराष्ट्रात गावच्या बायकांना मतदान करून दारूचे दुकान बंद पाडता येते; 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणून ती निवडणूक सर्वांना परिचित आहे. परवान्याच्या दुकानासाठी जो अधिकार दिला, तो चुलीवरच्या मडक्यासाठी आणि उद्या येऊ घातलेल्या वारशाच्या बाटलीसाठीही का देऊ नये? सेमाडोहच्या बायकांनी सांगावे: सणापुरते घरी गाळू, अथवा मुळीच नाही, अथवा फूल विकू, लाडू करू, पण बाटलीला देणार नाही. त्यांनी काय ठरवावे हे त्यांना शिकवायला मी जाणार नाही. त्या 'नको' म्हणाल्या तर गाडगेबाबा जिंकले. 'एवढीच' म्हणाल्या, तरी मी तर म्हणेन, बाबा हरले नाहीत.

शहरात एखाद्या घरी, पुढेमागे, काचेच्या कपाटात मोहाची अशी एखादी बाटली दिसेल. पाहुणचाराच्या गप्पांत तिच्या रंगाचे, वासाचे, तिच्यावरच्या चित्राचे कौतुकही होईल. ते जरूर व्हावे. तिरस्कारापेक्षा कौतुक केव्हाही बरे. फक्त त्या कौतुकात एक प्रश्न मिसळावा. ज्या हाताने हे फूल अंधारात वेचले, त्या हाताला 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार उरला आहे का? उरला असेल, तर त्या बाटलीत एका डोंगराचा मान आहे. नसेल, तर मग तिच्यात मोहाचे फूल फक्त नावाला आहे. भरला आहे तो दुसराच मोह.